सख्खी बहीण असल्यास चिठ्ठी नाही

‘ज्या मुलीची सख्खी बहीण या शाळेत शिकत असेल, तिचे नाव चिठ्ठीत टाकले जाणार नाही. तिला सरळ प्रवेश मिळेल.’ असा फळा तालुक्याच्या मुलींच्या शाळेच्या दारात लागला आणि आठ दिवसांत आमच्या भागात इतक्या सख्ख्या बहिणी तयार झाल्या, की सरकारी दवाखान्याला वर्षभरात तेवढ्या बाळंतिणी जमल्या नसत्या. मी हे सगळं जवळून पाहिलं, कारण त्या तयार झालेल्या बहिणींत एक माझ्या घरची होती.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. आमचं गाव येलदरीच्या रस्त्यावर, तालुक्यापासून पायी तासाभराचं. गावात शाळा चौथीपर्यंत. मीही चौथीच शिकलेली. त्या काळी चौथी शिकलेली बाई म्हणजे गावाचा अर्धा पोस्टमन आणि अर्धा वकील. सगळ्यांची पत्रं मी वाचायची. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला ठाऊक असायचं, म्हणून मी कुणाला फारशी आवडायची नाही. मालक, म्हणजे माझा नवरा, अंगठा उठवणारे. शेत बारा एकर, दोन मुली, मुलगा नाही. मुलगा नाही याची लोक मला अशी आठवण द्यायचे, जसं काही मी त्याला कुठंतरी ठेवून विसरले.

थोरली मुलगी त्या तालुक्याच्या शाळेत सातवीत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला पाठवली नाही. कापूस वेचायला माणूस मिळत नव्हतं, पोरगी अंगानं भरली होती आणि बायका विचारायला लागल्या होत्या. बापानं काढली, असं मी सांगत फिरले. खरं म्हणजे मीच काढली. मालकांनी नुसती मान हलवली. ती ते सगळ्यालाच हलवायचे.

धाकटी त्याच उन्हाळ्यात चौथी पास झाली. हिला मात्र शिकवायची असं मी ठरवलं होतं. थोरली मुकाट काम करायची म्हणून घरात राहिली. धाकटी काम टाळायची आणि दिवसभर बोलायची म्हणून शाळेत. घरातला न्याय असाच असतो. पण आणखी एक कारण होतं. थोरली लग्न होऊन जाणार. धाकटीला मी घरी ठेवणार होते, जावई आणून. मुलगा नसलेल्या घरात सातबारा वाचणारं, तहसीलात उभं राहून बोलणारं माणूस पाहिजे, नाहीतर भावकी बांध सरकवत सरकवत चुलीपर्यंत येते. माझे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. म्हणून तिला पाचवीत जागा मिळणं मला पाहिजे होतं, आणि मुलींची शाळा तालुक्यात ती एकच होती. दुसरी पोरापोरींची एकत्र, आणि तिथं पाठवायचं म्हटलं की गावातले बाप्ये असे बघायचे जसं काही मी पोरीला फौजेत पाठवायलेय.

आधी या शाळेत जागा मिळवायची रीत सोपी होती. पुढाऱ्याचं पत्र आणायचं. पुढारी कोण हे दरवर्षी बदलायचं, पत्र तेच असायचं. पण त्या वैशाखात वावटळ आली आणि दोन खोल्यांचे पत्रे उडाले. एक पत्रा तर बाजाराच्या ओट्यापर्यंत गेला. पाचवीच्या दोन तुकड्यांची एकच झाली. आणि त्याच वर्षी नवीन मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्य बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. या बुटक्या होत्या, पण आवाज मोठा. त्यांनी पहिल्याच दिवशी पत्रांचा गठ्ठा बांधून कपाटावर ठेवला आणि सांगितलं, “साठ मुली बसतील. त्यातल्या आधी सख्ख्या बहिणी. उरलेल्या जागांसाठी बाकी सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर. चिठ्ठ्या घागरीत. पहिलीतली मुलगी सगळ्यांसमोर एकेक काढेल. साठ भरल्या की पुढची नावं ओळीनं लिहून ठेवू; जागा रिकामी झाली की वरची आत.”

“बहिणीला कामून सूट?” एका बापानं विचारलं.

“दोघी असल्या की जोडीनं येतात. धाकटीला घेतलं नाही तर तुम्ही थोरलीलाही काढता. मला तुम्ही माहीत आहात.”

त्या आमच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हत्या. पण बरोबर बोलल्या.

बौद्धवाड्यातली एक बाई आमच्या शेतात कामाला यायची. तिची मुलगी माझ्या धाकटीच्या वर्गात, एकाच पाटावर बसायची, आणि माझीपेक्षा हुशार होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. नामांतराच्या गोंधळाआधी ही बाई मला मालकीणबाई म्हणायची; गोंधळानंतर नुसतं बाई म्हणायला लागली. मला आधी झोंबलं, मग सवय झाली. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून आमच्या गावात दोन वर्षं एकमेकांच्या विहिरीकडं बघणं बंद होतं. विद्यापीठाची पायरी चढलेलं माणूस गावात एकही नव्हतं. आणि पाचवीत मुलगी घालायची म्हटली की तीच माणसं विचारायची, एवढं शिकून करायचं काय?

आम्ही शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचत होतो. तिनं विचारलं, “बाई, ह्यो बहिणीचा नियम खरा हाय का?”

“हाय. मी सोता वाचला.”

“चांगला हाय. ज्याच्या घरातली शाळेत गेली, त्याच्याच घरातली पुढं जाईल. माझी तर घरातून पहिलीच जायलीय. पहिलीला बहीण कुठून आणू मी?”

“चिठ्ठी हाय की.”

“हाव,” ती म्हणाली. “तुमाला नियम, आमाला घागर.”

मी तिला मोळी उचलायला सांगितली. तसं पाहिलं तर माझी स्थिती तिच्यासारखीच होती. माझ्या पोरीला बहीण होती, पण पटावर नव्हती. मीच तिचं नाव काढून आणलं होतं.

इकडं तालुक्यात धांदल उडाली. सख्खी बहीण कशावरून? तर रेशनकार्डावरून. काही वर्षांपूर्वी साखर जास्त मिळावी म्हणून घरोघर भावाभावांनी कार्डं फोडली होती. आता तेच भाऊ कार्डं जोडायला तहसीलात रांग लावून उभे. तिथला कारकून म्हणायचा, “आजवर समदे वायलं निघायला आले, आता कुटुंब जमवायला यायलेत. कलियुग फिरलं वाटतं.” दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली माणसं एका कार्डावर नांदायला लागली. एकानं तर पाचवीत घालायच्या मुलीसाठी स्वतःची शेंडेफळ बहीण उभी केली, ती नववीत होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, “ही तर तिची आत्या.”

“आत्या म्हंजी बहीणच की.”

“कुणाची?”

“माझी!”

“मग तुम्ही या पाचवीत.”

मोठ्या बाईंनी दोन दिवसांत कार्डाकडं बघणं सोडलं. त्यांनी वेगळीच युक्ती काढली. दोन्ही मुलींना वेगवेगळं उभं करायचं आणि विचारायचं, आज सकाळी घरी काय जेवलात? एकीनं वांगं सांगितलं आणि दुसरीनं वरण, की कार्ड परत. ही बातमी आमच्या गावात संध्याकाळच्या एस.टी.नं आली.

माझ्या मोठ्या जावेची मुलगी त्या शाळेत आठवीत होती. जाऊ आणि मी, आमचं बोलणं आठ वर्षं बंद. वाटणी झाली तेव्हा पंचांनी जमीन नीट वाटली, बैलं वाटली, भांडी वाटली. शेवटी राहिला पाटा-वरवंटा. दोघीही सोडेनात. पंच कंटाळले होते, जेवायची वेळ झाली होती. त्यांनी पाटा तिला दिला आणि वरवंटा मला. तेव्हापासून ती पाट्यावर नदीतला गोटा फिरवायची आणि मी वरवंट्यानं फरशीवर ठेचायची. बाजारात नवीन जोडी मिळत होती. पण नवीन आणली असती तर हरल्यासारखं झालं असतं.

मी वरवंटा पदराखाली घेतला आणि तिच्या दारात गेले.

“काय गं,” जाऊ म्हणाली, “वाट चुकलीस का?”

“न्हाई जाऊबाई. वरवंटा द्यायला आले.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वरवंट्याकडं. “तू अशी फुकट द्यायला निघालीस म्हंजी कुणीतरी मरायला टेकलंय.”

“धाकटीला पाचवीत घालायचीय.”

“असं म्हण! आता पोरीला मोठी आई गोड लागायलीय. आणि थोरलीला कामून काढलीस तवा? माझी पोर एकटी जायची ना तालुक्याला. एक दिवस विचारलंस का, कशी जाती?”

“न्हाई विचारलं.”

“मग?”

“मग काय. चुकलं.”

माझ्या तोंडून हा शब्द ऐकून ती इतकी खूश झाली की तिनं पुढं काही मागितलं नाही. वरवंटा घेतला, धुतला, पाट्यावर ठेवला, आणि जरा वेळ नुसती त्याच्याकडं बघत बसली. कार्डावर आमची धाकटी तिची मुलगी झाली. ठरलं असं, की परवा सकाळी दोन्ही घरी पिठलं-भाकर करायची. पोरींकडून पाठ करून घेतलं. आनंदाच्या भरात जावेनं पिठल्यासोबत शेंगदाण्याची चटणी वाटली आणि सारखं उत्तर यावं म्हणून अर्धी माझ्या घरी पाठवली. इतकी हुशारी आमच्या घराण्यात आधी कुणी दाखवली नव्हती.

शाळेत आम्ही दोघी जावा दाराबाहेर उभ्या. आत पुतणी आधी गेली. “पिठलं, भाकर, शेंगदाण्याची चटणी.” मग धाकटी. “पिठलं, भाकर, शेंगदाण्याची चटणी.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. लेखणी उचलली. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, “चटणी कशी झाली होती?”

धाकटीला बोलायला एवढंच लागायचं. “लय भारी! मोठ्या आईनं पाट्यावर वाटली. पाटा तिच्याकडं हाय आणि वरवंटा आमच्याकडं होता, आठ वर्षं भांडण होतं, परवा आईनं वरवंटा नेऊन दिला म्हणून वाटता आली. न्हाईतर आमच्या घरी फरशीवर ठेचत्यात, त्यात खडे येत्यात.”

उत्तर देऊन बाजूला उभ्या असलेल्या पुतणीनं तिला लाथ घातली, पण उशीर झाला होता. मोठ्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि कार्ड माझ्या हातात परत दिलं.

जाऊ दाराकडं वळत म्हणाली, “तुझी पोर वकील होईल. दुसऱ्याच्या बाजूनं.”

मी निघणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी मला थांबवलं. जुना हजेरीपट काढला आणि एका नावावर बोट ठेवलं. “ही तुमचीच ना? सख्खी. दिवाळीनंतर नाव काढलेलं. गणितात वर्गात पहिली होती असं आधीच्या बाईंनी लिहून ठेवलंय. तुमच्या घरात खरी बहीण असताना तुम्ही उसनी कशाला आणली?”

“ती आता मोठी झाली.”

“मोठी झाल्याशिवाय सातवीत येत नाही कुणी. तिला परत घाला. सातवीत जागा आहे. मग धाकटी आपोआप आत.”

“नावापुरतं घालू?”

“नावापुरतं नाही. ओळीनं तीन दिवस गैरहजर राहिली की नाव कमी. पहिल्या वर्षी तिचं नाव गेलं तर धाकटीचंही गेलं. सख्ख्या बहिणीच्या जोरावर आलेल्या प्रत्येकीला हेच आहे.”

मी घरी येताना रस्ताभर हिशेब केला. थोरलीसाठी पूर्णेचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत खलाशी. रेल्वेचा जावई म्हणजे आमच्याकडं राजाच. पगार सरकारी आणि पास फुकट. पावसाळ्यात ते बघायला येणार होते. मी ठरवलं, वर्षभर थोरलीला शाळेत घालायची, मधेच लग्न ठरवायचं, पुढच्या वैशाखात उरकायचं. धाकटी तोवर पक्की होईल.

थोरलीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

“काढताना मला विचारलं होतं का?”

“न्हाई.”

“मग घालताना कामून विचारायलीस?”

“विचारत न्हाई, सांगायलेय.”

“मग जाते,” ती म्हणाली. आणि भाकरी उलटून झाल्यावर, “पण ती जवर शाळेत जाईल तवर मी जाणार. मधे काढलं तर तिचं नाव कटल. नियम हाय.”

फळ्यावर असं काही नव्हतं. मोठ्या बाईंनीही पहिल्या वर्षाचंच सांगितलं होतं. आणि ते पहिल्या वर्षाचं थोरलीला मीच सांगितलं होतं. पण मालक समोर बसले होते आणि त्यांनी मान हलवली. मी भाकरीकडं बघत बसले.

चिठ्ठ्यांच्या दिवशी मला जायचं कारण नव्हतं, धाकटीचं नाव बहिणींच्या यादीत गेलं होतं. तरी गेले. शाळेच्या पटांगणात सगळा तालुका लोटला होता. पितळी घागर, तिच्या तोंडाला लाल फडकं. पहिलीतली एक शेंबडी पोर स्टुलावर चढून चिठ्ठी काढायची, मोठ्या बाई वाचायच्या. एकेक नाव आलं की एक घर ओरडायचं आणि बाकीची घरं देवाला सोडून त्या पोरीकडं रागानं बघायची. साठावं नाव वाचलं. मग मोठ्या बाई म्हणाल्या, “आता शिल्लक यादी. पहिली,” आणि माझ्या धाकटीच्या मैत्रिणीचं नाव घेतलं.

तिची आई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग शांतपणे म्हणाली, “तुमी थोरलीला परत घातली म्हणून एक जागा बहिणीत गेली. न्हाईतर माझी साठावी होती.”

हे मला कुणी सांगायला नको होतं. मोजायला मीही शिकलेली होते.

“आता तुमची थोरली तीन दिवस न्हाई गेली तर?” तिनं विचारलं.

“तर तुझी आत,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी कामाला आली की आधी विचारायची, “थोरली गेली का?” मी म्हणायची, “गेली.” मग ती खुरपं घ्यायची. तिनं कधी वाकडं तोंड केलं नाही, की कुणाला आडवी गेली नाही. नुसतं विचारायची. आमच्या घरात इतकी वर्षं पोरींच्या शाळेची चौकशी सासऱ्यानं केली नाही, दिरानं केली नाही. ती आता बाहेरची बाई रोज करायला लागली, तीही आमची पोर गळावी म्हणून. त्यानं माझं घर सुधारलं. ऊन असो, पाऊस असो, मी थोरलीला ढकलून पाठवायची.

श्रावणात थोरलीला हिवताप आला. दोन दिवस गेली नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि त्याच दिवशी सकाळच्या एस.टी.नं पूर्णेचे लोक बघायला येणार होते. मालकांनी शेजारून खुर्च्या आणल्या. मी पोहे भिजवले. थोरलीला माझी जांभळी साडी नेसवली, केसांत फुलं घातली. धाकटी दप्तर घेऊन आधीच गेली होती.

तेवढ्यात ती बाई दारात आली. खुरपं नव्हतं हातात. पोरगी होती. पोरीच्या डोक्याला तेल, दोन वेण्या, धुतलेला झगा, खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी.

“आज तिसरा दिवस हाय,” बाई म्हणाली.

“माहीत हाय.”

“थोरली जात नसंल तर हिला घेऊन जाते. आत्ता निघालं तर घंटेला पोचू. तुमच्या घरी पाव्हणे यायचेत म्हणून विचारायला आले. न विचारता गेले असते तर तुमी म्हणाल्या असत्या, सांगितलं न्हाई.”

तिनं हे अगदी सरळ सांगितलं, जसं शेजारीण विरजण मागते. मी पोरीकडं पाहिलं. पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, आत चुलीजवळ बसलेल्या थोरलीकडं बघत होती. थोरलीही तिच्याकडं बघत होती.

मालक म्हणाले, “एक दिवसानं काय होतंय?”

“धाकटीची जागा जाती,” मी म्हणाले.

“आणि स्थळ?”

मी काही म्हणायच्या आत थोरली उठली, दप्तर घेतलं, आणि त्या जांभळ्या साडीत, फुलांसकट, आमच्या सगळ्यांच्या मधून निघून गेली. तापातून उठलेली पोर चिखलातनं धावत होती. शाळेत मोठ्या बाईंनी विचारलं म्हणे, “काय गं, लग्न लावून आलीस की लावायला चाललीस?” आणि हजेरी मांडली.

बाईची पोरगी पिशवी घेऊन परत फिरली. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं.

पाव्हणे आले. पाच माणसं. खुर्च्यांवर बसले, पाणी प्याले.

“मुलगी बोलवा,” मुलाची आई म्हणाली.

“शाळेत गेलीय.”

“आमी येणार म्हणून कळवलं नव्हतं का?”

“कळवलं होतं. पण नियम हाय. तीन दिवस न्हाई गेलं की नाव कटतं.”

“लग्न ठरलं की नाव कटणारच हाय की!”

“तिचं कटलं की धाकटीचंबी कटतं.”

मुलाच्या मामानं मालकांना विचारलं, “तुमच्याकडं मुलीला बघायचं का हजेरीपटाला?” मालकांनी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनाही माहीत नसावं. मुलाची आई म्हणाली, आम्हाला असली शाळेची पोर नको, उद्या रेल्वेची घंटी आधी की शाळेची असं विचारील. पोहे न खाता गेले. पाच बश्या पोहे उरले. मी त्यातल्या दोन बौद्धवाड्यात पाठवल्या. बाईनं बश्या धुऊन परत पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, “थोरली गेली का?”

पूर्णेच्या त्या जावयाचा फुकट पास कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

दसऱ्यानंतर कापूस फुटला आणि खरी गंमत सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी कार्डं जोडून, पोरींकडून पिठलं पाठ करून घेऊन जागा मिळवल्या होत्या, त्यांना वेचणीला हात पाहिजे होते. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मोठ्या बाई रोज लाल शाईनं रेघ ओढायच्या. थोरल्या बहिणीसोबत धाकटीचंही नाव जायचं, बाप तक्रार करायला यायचे आणि त्यांना फळा दाखवला जायचा. दिवाळीपर्यंत शिल्लक यादी निम्मी संपली. त्या बाईची पोरगी सगळ्यात आधी आत गेली. त्या दिवशी बाई माझ्या वेचणीला आली नाही. माझा कापूस पावसात भिजला. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “पुढच्या साली दुसरीला आणते. आता आमच्याबी घरात बहीण हाय.”

पण पुढच्या उन्हाळ्यात जिल्हा परिषदेला जाग आली आणि नवीन पत्रे बसले. दोन तुकड्या झाल्या, घागर परत पाणी भरायला गेली, आणि फळाही पुसला गेला. बाई दुसऱ्या मुलीला घेऊन आली तेव्हा शाळेच्या कारकुनानं काही न विचारता नाव लिहून घेतलं. ती बाहेर येऊन मला म्हणाली, “आमच्याकडं बहीण आली तवा नियम गेला. असंच असतंय.” तरी पोरगी आत घातलीच तिनं.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. थोरली दहावी झाली, नर्सिंगला गेली, आणि आता निवृत्त व्हायला आलीय. धाकटी आठवीत एकदा नापास झाली, पण थोरलीनं कान धरून दहावीपर्यंत ओढली, कारण धाकटी घरी बसली असती तर थोरलीचा नियमही बसला असता. आज धाकटी माझ्या जवळ राहते, सातबारा वाचते, आणि तहसीलात इतकं बोलते की लोक तिला बघून दुसऱ्या खिडकीला जातात. पाटा-वरवंटा अजून जावेकडंच आहे. चटणी लागली की मी तिच्याकडं जाते.

सांगायचं राहिलं ते नवीन पत्रे बसले त्या उन्हाळ्यानंतरच्या जूनचं, थोरली आठवीत जाणार होती तेव्हाचं. चारठाण्याचं एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं, आणि मालक पहिल्यांदाच मान न हलवता बोलले होते. “यंदा बी हाय का त्यो नियम? मी सोता येतो बघायला.” आम्ही चौघं गेलो. शाळेच्या दारात फळा तिथंच होता, पण पुसून त्यावर नवीन पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ‘येथे थुंकू नये’. थोरली माझ्याकडं बघत नव्हती. ती आपल्या चपलेकडं बघत होती.

“वाच,” मालक म्हणाले.

मी चष्मा लावला. फळ्याजवळ गेले आणि वाचलं, “ज्या मुलीची सख्खी बहीण या शाळेत शिकत असेल, तिला सरळ प्रवेश मिळेल. परंतु थोरल्या बहिणीचे नाव मध्येच काढल्यास धाकटीचेही नाव कमी केले जाईल. हा नियम दहावीपर्यंत लागू राहील.”

मालक फळ्याकडं बघत उभे राहिले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण शेतातली ओळ किती लांब आहे ते त्यांना लांबूनही दिसायचं. तीन शब्दांची ती ओळ ते बराच वेळ बघत होते.

“लय लांब नियम हाय,” ते म्हणाले.

“सरकारी हाय,” मी म्हणाले.

त्यांनी बाजूला वळून थुंकायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गिळून टाकलं. मग थोरलीला म्हणाले, “जा मग. घंटा झाली की.”